डावीकडचा मशालवाला

परवा इथं नागपुरात सदर भागात एका वकिलांकडे चहाला गेलो होतो. चारपाच माणसं जमली होती. लढाईच्या गप्पा झाल्या, रॉकेलच्या टंचाईच्या झाल्या, आणि मग कुणीतरी त्या जुन्या बोलपटाचा विषय काढला. "तो मशालवाल्यांचा विनोदी बोलपट आठवतो का हो? त्यातला तो किसन! हत्ती त्याचं धोतर सोंडेनं ओढतो तो प्रसंग! आम्ही अक्षरशः गडाबडा लोळलो होतो." वकीलसाहेब तर खुर्चीतून उठून धोतर सावरत पळायची नक्कल करू लागले. मी कप खाली ठेवला, घरी पाहुणे यायचेत असं खोटंच सांगितलं आणि निघालो. सदरपासून महाल भागातल्या घरापर्यंत चालत आलो तरी डोकं शांत होईना. सौ.नं विचारलं, "कुणाशी भांडून आलात?" म्हटलं, "भांडायला हवं होतं तिथं चहा पिऊन आलो."

या लोकांना सांगणार कोण, की ज्या किसनला तुम्ही हसता तो खरोखर होऊन गेला? आणि ज्यानं त्याला कागदावर आणला त्याचं नाव तुमच्यापैकी एकानंही ऐकलेलं नाही? त्यांचं नाव मारोतराव. नरखेडकडचे. एका नाटक कंपनीत एकोणीस वर्षं डावीकडचे मशालवाले.

ते नाटक आमच्या पिढीला तोंडपाठ होतं. एक राजा, त्याच्या सिंहासनावर डोळा ठेवून असलेला भाऊ, विषाचा पेला, आणि शेवटी वेडी होऊन मरणारी राणी. पाच अंक नुसतं रडायचं. या पाचही अंकांत राजवाड्याच्या दाराशी दोन मशालवाले उभे असायचे, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. त्यांना एकही वाक्य नाही. भाऊ विष कालवतो ते त्यांच्यासमोर. प्रधान त्या भावाला सामील होतो तेही त्यांच्यासमोर. शेवटच्या अंकात हे सगळं झाकायची वेळ आली की प्रधानजी एक वाक्य टाकायचे, "त्या दोन मशालवाल्यांना हत्तीच्या पायी द्या!" मग कुणीतरी पडद्यामागे तुतारी फुंकून हत्ती ओरडल्याचा आवाज काढायचं आणि लगेच राणीचं शेवटचं पद सुरू व्हायचं. लोक राणीसाठी ढसाढसा रडायचे. मशालवाल्यांचं काय झालं हे विचारायला कुणाला सवड नव्हती. मलाही नव्हती. मी ते नाटक सहा वेळा पाहिलं आहे.

कंपनीचे मालक स्वतः राजाचं काम करायचे. चौथ्या अंकात ते विष पिऊन पद म्हणत मरायचे, आणि रंगमंचासमोरच्या पीटातून "वन्समोर!"चा गजर झाला की उठून बसायचे, शेला सारखा करायचे, तेच पद पुन्हा म्हणायचे आणि पुन्हा मरायचे. तिसऱ्यांदाही मरायचे. आलेला वन्समोर नाकारायचा नाही, हा कंपनीचा रिवाज. राजा मरत असताना मशाली खाली ठेवायच्या नाहीत, हाही रिवाजच. बोळ्यातलं तेल मनगटावरून कोपरापर्यंत ओघळायचं. मारोतरावांचा उजवा हात मी पुढे जवळून पाहिला. कोपरापर्यंत चट्टेच चट्टे. मी विचारलं तर म्हणाले, "राजा तीनदा मरे ना मास्तर. त्याले काय, तो झोपून मरे."

त्यांना पहिल्यांदा मी 'पाहिलं' तो दिवस सांगतो. कंपनीचा मुक्काम नागपुरात होता. रविवारचा दुपारचा खेळ, गर्दी तुडुंब, आणि मी पीटात दुसऱ्या रांगेत. शेवटच्या अंकात प्रधानजींनी नेहमीचं वाक्य टाकलं, "त्या दोन मशालवाल्यांना हत्तीच्या पायी द्या!" आणि डावीकडचा मशालवाला, ज्यानं एकोणीस वर्षांत तोंड उघडलं नव्हतं, शांतपणे म्हणाला, "काहून?"

का म्हणून, एवढंच! मग सगळं थिएटर फुटलं. टोप्या उडाल्या, लोक बाकांवर उभे राहिले, आणि पीटातून आरोळी आली, "वन्समोर!" त्या आरोळीत माझाही आवाज होता. आता रिवाजच तो! प्रधानजींना वाक्य पुन्हा म्हणावं लागलं. पुन्हा "काहून?" पुन्हा वन्समोर. तिसऱ्या वेळी प्रधानजींच्या तोंडून शब्दच फुटेना. पानपानभर भाषणं एका दमात म्हणणारा तो नट आ वासून विंगेकडे पाहत राहिला. शेवटी पडदा पाडला. आम्ही हसतच घरी आलो आणि मी हा किस्सा आठवडाभर शाळेत रंगवून सांगितला.

मला तेव्हा माहीत नव्हतं की उजवीकडचा मशालवाला, किसन, त्याच दिवशी सकाळी तापानं गेला होता. खेळ सुरू असताना त्याचं प्रेत कंपनीच्या बिऱ्हाडात घोंगडीखाली पडलं होतं. मालक म्हणाले, तिकिटं गेली आहेत, खेळानंतर पाहू. आचाऱ्याच्या हाताखालच्या माणसाला किसनचा अंगरखा घातला आणि हातात मशाल देऊन उजवीकडे उभं केलं. प्रेक्षकांत हजार माणसं होती. एकाच्याही लक्षात आलं नाही की माणूस बदलला आहे. मी दुसऱ्या रांगेत होतो आणि माझ्याही नाही.

दुसऱ्या दिवशी मालकांनी मारोतरावांना काढून टाकलं. शिस्तभंग! मेलेल्या माणसाचा अंगरखा उतरवून खेळ करणारा माणूस शिस्तीची भाषा करतो, आणि लोक त्याला नटश्रेष्ठ म्हणतात. आजही म्हणतात.

कंपनी पुढच्या गावी गेली, मारोतराव नागपुरातच राहिले. संत्र्यांच्या बाजारात पेट्या भरायचं काम धरलं. गवताचा थर, संत्र्यांचा थर, पुन्हा गवत, अशा पेट्या ते दिवसभर भरायचे. अंगाला कायम संत्र्याच्या सालीचा वास. उंच, वाळका, ताठ माणूस. ते कधी कुठल्या सभेत, लग्नात, कीर्तनात बसले नाहीत. मागे खांबाजवळ उभे राहायचे. आणि कुणी काहीही सांगत असलं की त्यांचा एकच प्रश्न असायचा, "अन् बाकीचे?" आमच्या शाळेच्या समारंभात पाहुण्यांनी एका राजाच्या पराक्रमावर व्याख्यान दिलं. किल्ला सर झाला, टाळ्या पडल्या, आणि खांबाजवळून आवाज आला, "राजा गेला वर चढून. अन् बाकीचे?" पाहुणे घाम पुसत म्हणाले, "बाकीचेही होतेच." मारोतराव म्हणाले, "नावं सांगा ना मंग."

महालातल्या एका देवळात तर त्यांनी कहर केला. बुवा रंगात आले होते. राजा वनवासाला निघाला, नगरजन रडले, सारथी रिकामा रथ घेऊन परतला. बुवांनी डोळे टिपले आणि पुढच्या पदाला चिपळ्या उचलल्या, तेवढ्यात मारोतराव बोलले.

"बुवा, त्या सारथ्यानं घरी जाऊन बायकोले काय सांगतलं?"

बुवा दचकले. म्हणाले, "ग्रंथात तसा उल्लेख नाही."

"मंग तुमचा ग्रंथ अर्धा आहे."

लोकांनी गलका केला, दोघातिघांनी त्यांना बाहेर काढलं. पण पुढच्या वर्षी ते बुवा पुन्हा आले तेव्हा कीर्तनाला उभे राहण्याआधी त्यांनी खांबाकडे नजर टाकून घेतली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

त्याच खांबाजवळ एकदा त्यांनी मला गाठलं. म्हणाले, "मास्तर, तुमी त्या दिवशी दुसऱ्या रांगेत होते. वन्समोर म्हनून ओरडले." मी चाट पडलो. ते म्हणाले, "एकोनीस वर्सं मले दुसरं कामच काय होतं? लोकाईची तोंडं पाहून राहिलो होतो. मले वाचता येते, लिवनं जमत नाई. तुमी ओरडले, आता तुमीच लिवून द्या."

काय लिहायचं ते त्यांनी मनात सगळं रचून ठेवलं होतं. तेच नाटक, तोच राजा, तीच राणी, पण सगळं दाराशी उभ्या असलेल्या दोन मशालवाल्यांच्या बाजूनं, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत विनोदी! एकाचं नाव मारोती, दुसऱ्याचं किसन. राजवाड्यात कोण कुणाचा गळा कापणार हे दोघांना ठाऊक, कारण त्यांच्यासमोर सगळे मोकळेपणानं बोलतात. भाऊ विष कालवताना अडखळतो आणि किसनलाच म्हणतो, "अरे, मशाल जरा जवळ धर." मी लिहिता लिहिता लेखणी खाली ठेवून हसायचो. तेव्हा ते मुळीच रागावायचे नाहीत. म्हणायचे, "हाव, हसा. राजाले हसा. जेवढं हसाचं तेवढं हसा."

तीन महिने रोज सकाळी शाळेआधी ते यायचे. सौ. त्यांच्यापुढे चहा ठेवायची आणि ते आधी अंगणात भांडी घासणाऱ्या बाईकडे पाहायचे. "वैनी, त्या बाईले देल्ला का?" पहिल्या दिवशी सौ.ला राग आला. पुढे ती आधी बाईला चहा द्यायची आणि मग आत हाक मारायची, "मारोतभाऊ, देल्ला. आता तुम्ही घ्या, गार होऊन राहिला."

माझं आणि त्यांचं एकदाच कडाक्याचं भांडण झालं. मी मास्तर. 'मले', 'तुले' लिहिताना माझा हात अडायचा. एक अख्खा प्रवेश मी आपला शुद्ध भाषेत उतरवून काढला. त्यांनी तो वाचला, पानं टराटरा फाडली आणि माझ्यासमोर ठेवली.

"हे कोन बोलून राहिलं?"

"किसनच बोलतोय. फक्त जरा नीट..."

"नीट म्हंजे? किसन माह्याशी एकोनीस वर्सं बोल्ला, तो काय बिघडलेलं बोल्ला? राजाले तुमी त्याची भाषा देल्ली. किसनची काहून काढून घेता?"

मी त्या रात्री रागानं जेवलो नाही. सकाळी बसून सगळा प्रवेश पुन्हा लिहिला, जसा त्यांनी सांगितला होता तसा.

आणि शेवटचा प्रवेश! तो मी कधीही विसरणार नाही. प्रधान हुकूम देतो, हत्तीच्या पायी द्या. किसन विचारतो, "काहून?" प्रधान म्हणतो, राजाज्ञा. पण राजा तर मेलेला. मग पंडित येतात, पोथ्या उघडतात. सेनापती एक कारण सांगतो, राजवैद्य दुसरं. सगळा दरबार कारण शोधत बसतो, आणि पोथीत पाहायला उजेड हवा म्हणून मशाली जवळ आणायला सांगतात. तेव्हा किसन आपली मशाल प्रधानाच्या हातात देतो. म्हणतो, "कारन सापडेपर्यंत उजेड तुमीच धरा. आमी जातो." आणि दोघे प्रेक्षकांमधून चालत निघून जातात. मारोतराव हे सांगत असताना उभे होते. किसनचं वाक्य म्हणताना त्यांचा आवाज एकदम बारीक झाला, आणि मी मान खाली घालून लिहीत राहिलो.

हे हस्तलिखित बोलपटवाल्यांकडे गेलं ते माझ्यामुळे. बाहेरून एक डायरेक्टर नागपुरात आले होते, माझ्या एका मित्राकडे उतरले होते. मीच त्यांना वाचून दाखवलं. ते मांडीवर थापा मारत हसले. "अप्रतिम! शोकांतिकेतल्या फालतू पात्रांचा विनोदी बोलपट! आजवर कुणाला सुचलं नाही." 'फालतू' हा शब्द मला तेव्हाच खटकायला हवा होता. मी मारोतरावांना बोलावून घेतलं. ते आले, बसा म्हटलं तरी दाराशी उभे राहिले आणि म्हणाले, "मले काई नको. दोन गोष्टी पाह्यजे. किसनचं नाव ठेवजा. अन् शेवटचा प्रवेश ठेवजा."

"अवश्य, अवश्य," डायरेक्टर म्हणाले. इतक्या गोड आवाजात की मलाही भरून आलं. कागदावर काही लिहून घ्यावं हे मला सुचलं नाही. मी शिकलेला माणूस! पोरांना अर्ज लिहायला शिकवणारा!

वर्षभरानं तो बोलपट सीताबर्डीच्या टॉकीजमध्ये लागला. जाहिरातीत कथा आणि संवाद डायरेक्टरसाहेबांचे. मारोतरावांना साधा पाससुद्धा आला नव्हता. ते स्वतः तिकीट काढून पुढच्या बाकांवर, मी आणि सौ. मागे खुर्चीवर. तीनचा खेळ होता.

काय सांगू? राजा होता तसाच भारदस्त, राणी तशीच रडवणारी. विनोद सगळा मशालवाल्यांवर! पडद्यावरचा किसन म्हणजे पोटसुटा, तोतरा, खादाड. 'मले' म्हटलं की डोळे फिरवायचा, 'काहून' म्हटलं की जीभ बाहेर काढायचा. दर वेळी लोक खो खो हसायचे. कोण लोक? नागपूरचे! घरी जाऊन आईशी त्याच बोलीत बोलणारे! शेवटचा प्रवेश कापून टाकला होता. त्या जागी दोघे लुगडी नेसून पळतात, लुगडं सुटतं, आत धोतर निघतं, आणि हत्ती किसनचं धोतर सोंडेनं ओढून नेतो.

किसनचं नाव मात्र त्यांनी ठेवलं. दिलेल्या शब्दातला तेवढा एक शब्द पाळला, आणि तो पाळला नसता तर फार बरं झालं असतं.

धोतराच्या त्या प्रसंगी सगळं टॉकीज गदगदत असताना पुढच्या बाकावरचा एक माणूस उठला. पडद्याकडे पाठ करून तो उभा राहिला आणि लोकांच्या तोंडांकडे पाहू लागला. एकेका रांगेवरून त्याची नजर मागे मागे येत होती. "खाली बस बे!" लोक ओरडले. तो बसला नाही. पडद्याचा उजेड आमच्या हसऱ्या तोंडांवर पडला होता.

त्यानंतर तो बोलपट तीन आठवडे चालला, आणि तीनही आठवडे मारोतराव तीनचा खेळ सुटायच्या वेळी टॉकीजच्या पायऱ्यांवर उभे राहिले. संत्र्याच्या पेटीची एक फळी मशालीसारखी हातात धरायची, आणि बाहेर पडणाऱ्या लोकांना अडवायचं. "थांबा गा, खेळ संपला नाई. शेवटचा प्रवेश राह्यला." मग ते एकटेच तो प्रवेश करायचे. प्रधान तेच, पंडित तेच, मारोती तेच. किसनच्या वेळी उजवीकडे सरकायचे. शेवटी समोरच्या एखाद्या माणसाच्या हातात ती फळी द्यायचे आणि म्हणायचे, "कारन सापडेपर्यंत उजेड तुमीच धरा." काही जण फळी टाकून पळायचे, काही जण वेडा म्हणून शिव्या द्यायचे. काही जण मात्र फळी धरून उभे राहायचे. हे सगळं मला दुसऱ्यांकडून कळत होतं, कारण मी सीताबर्डीची वाट सोडली होती. बाजारातही गेलो नाही.

शेवटच्या दिवशी मात्र राहवेना, गेलो. त्यानंतर ते पेट्यांचं काम सोडून गावाकडे निघून गेले असं कळलं, म्हणजे मी त्यांना पाहिलं ते तेवढंच.

खेळ सुटला होता. पायऱ्यांवर शेसव्वाशे माणसं थांबली होती, काही तर खास त्यांच्यासाठी आलेली. टॉकीजवाल्यांनी त्यांना हटवायला एक हवालदार बोलावून ठेवला होता, तोही काठी बगलेत मारून ऐकत उभा होता. मारोतरावांचा आवाज बसला होता. किसनचं "काहून?" तर जेमतेम ऐकू आलं, पण कुणी हसलं नाही. मग शेवटचं वाक्य आलं आणि फळी कुणाला द्यावी म्हणून ते गर्दीकडे पाहू लागले. मी गर्दी सारून पुढे गेलो. मला वाटलं, निदान हे तरी माझ्या हातून व्हावं. मी हात पुढे केला.

त्यांनी मला पाहिलं. रागावले असते तर बरं वाटलं असतं. नेहमीच्या आवाजात म्हणाले, "तुमाले नाई, मास्तर. तुमी किसनले हसले."

त्यांनी फळी हवालदाराच्या हातात दिली आणि गर्दीतून वाट काढत चालते झाले. लोक बाजूला होत गेले. माझा हात तसाच पुढे होता.